प्रतिरूपावर हरकत कोणी घ्यायची?

शेतजमिनीची मोजणी ठरली की भूमी अभिलेख कार्यालयाकडून अर्जदाराबरोबर लगतधारकांनाही नोटीस जाते. ठरल्या दिवशी भूकरमापक येतो, बांधावर चारपाच माणसे जमतात, जुन्या खुणा दाखवल्या जातात, कोणी म्हणतो की हा बांध आमच्या आज्यापासून इथेच आहे, दुसरा ते साफ नाकारतो. आणि अखेरीस नकाशावर जी रेघ उमटते तिच्यामागे जबाब, सह्या, प्रसंगी सही करायला दिलेला नकार, असे सगळे कागदावर राहते. पूर्वी हे काम शंकू साखळीने होई. ती साखळी 33 फुटांची, 16 आण्यांची, म्हणजे 16 समान भागांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. आता साखळीच्या जागी उपग्रहांचे संकेत वाचणारी यंत्रे आली आहेत आणि मोजणीतली चूक काही सेंटिमीटरांवर आली आहे. पण लगतधारकाची नोटीस गेलेली नाही. यंत्र अचूक झाले म्हणून शेजाऱ्याला विचारणे बंद करावे, असे महसूल खात्याला अजून तरी वाटलेले नाही.

शहराच्या मोजणीत ही नोटीस कोणाला जाते, हा प्रश्न मला काही वर्षे सतावतो आहे. वास्तुकला आणि नगररचना यांच्या संशोधनात डिजिटल प्रतिरूपांचा वापर आता नवलाईचा राहिलेला नाही. अभ्यास वाड्याचा असो, वस्तीचा असो की अख्ख्या प्रभागाचा, आधी लायडार या लेझरने मोजणाऱ्या यंत्राने किंवा ड्रोनने जागा टिपायची, संगणकात तिचे त्रिमितीय मॉडेल उभे करायचे आणि पुढचे सारे निष्कर्ष त्या मॉडेलवरून काढायचे, असा क्रम रूढ झाला आहे. संशोधक जागेवर पुन्हा जातोच असे नाही; जायची गरज वाटू नये इतके ते मॉडेल देखणे असते. तेच पुढे महापालिकेच्या सादरीकरणात आणि पुनर्विकासाच्या प्रस्तावात जाऊन बसते, आणि तिथे गेल्यावर त्याला पुराव्याचा मान मिळतो. माझे म्हणणे असे आहे की डिजिटल प्रतिरूप कितीही अचूक असले तरी तो जागेविषयी केलेला एक दावा असतो, आणि त्या जागेत राहणाऱ्या, राबणाऱ्या माणसांना त्या दाव्यावर रीतसर हरकत घेता येत नसेल, तर सार्वजनिक निर्णयात त्याला पुरावा मानू नये.

हे म्हणणे यंत्रावरच्या अविश्वासातून आलेले नाही. यंत्र काय करते, ते आधी पाहू. लायडार लेझरचे ठोके सोडतो, ते पृष्ठभागावर आदळून परततात, आणि प्रत्येक परतलेल्या ठोक्यागणिक अवकाशातला एक बिंदू नोंदला जातो. असे कोट्यवधी बिंदू मिळून जो ढग तयार होतो त्यात भिंत नसते, दार नसते, ओटा नसतो. अमुक बिंदू म्हणजे भिंत, तमुक म्हणजे ओटा, हे नंतर कोणीतरी ठरवते. माणूस ठरवतो किंवा माणसाने शिकवलेली प्रणाली ठरवते. मग या ढगातून इमारती उभ्या करताना किती तपशील ठेवायचा, याच्याही ठरलेल्या पायऱ्या आहेत. शहरांच्या त्रिमितीय मॉडेलसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सिटीजीएमएल या प्रमाणपद्धतीत पहिल्या पायरीवर इमारत म्हणजे जमिनीवरचा तिचा ठसा उंचीइतका वर ओढून केलेला ठोकळा असतो; छपराचा आकार दुसऱ्या पायरीवर येतो, दारेखिडक्या तिसऱ्या पायरीवर. संपूर्ण शहराचे मॉडेल करायचे तर खर्चाचा हिशेब पाहून गाडी बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच थांबते. म्हणजे मुंबईची चाळ काडेपेटी होते.

काडेपेटीने काय बिघडते, ते बीडीडी चाळींवरून पाहता येईल. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत तळमजला अधिक तीन मजले अशा 121 इमारती होत्या. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूला 500 चौरस फुटांचे घर मिळते आहे आणि वरळीतल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्याही गेल्या. पहाटे सामाईक संडासापुढे रांगेत उभे राहिलेल्या माणसाला या 500 फुटांचे मोल कोणा अभ्यासकाने समजावून सांगण्याची गरज नाही, आणि चाळीच्या आठवणींचे उमाळे काढून त्याला जुन्या खोलीत परत पाठवण्याचा अधिकारही कोणाला नाही. माझा प्रश्न अभ्यासाच्या पद्धतीपुरता आहे. आधीची आणि नंतरची जागा यांची तुलना करताना मॉडेल 160 आणि 500 हे दोन आकडे समोर ठेवते, कारण चटई क्षेत्रफळ खोलीचे मोजले जाते. बोळ ‘ये-जा करण्याची जागा’ या रकान्यात जातो. प्रत्यक्षात त्या बोळात रात्री माणसे झोपत, दिवसा पापड वाळत, कॅरमचे डाव रंगत, खोलीत न मावणारे पाहुणे बसत. खोलीच्या आकड्यात हा बोळ कुठेच येत नाही, आणि नव्या इमारतीत तो लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेइतका उरला तर ते नुकसान म्हणून नोंदलेही जात नाही. बोळाची किंमत भाडेकरूने कमी लावली असती की जास्त, हे मला ठाऊक नाही. त्याला विचारले असते तर कळले असते.

अशा जागा कागदावर दाखवता येतच नाहीत, असेही नाही. जिआम्बातिस्ता नोल्ली याने 1748 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोमच्या नकाशात खासगी इमारती काळ्या छटेत आहेत आणि रस्ते, चौक पांढरे आहेत. इथवर त्यात वेगळे काही नाही. पण चर्चच्या आतली जागा, पँथिऑनचा गाभा, लोकांना मुक्त प्रवेश असलेली अंगणे, हेही त्याने पांढरेच ठेवले. नागरिक जिथे जिथे पाय ठेवू शकतो ती सारी जागा एकसलग दिसावी, असा त्याचा निर्णय होता. ज्याच्याजवळ लेझर नव्हता, ड्रोन नव्हता, त्याने सपाट कागदावर ठरवले की आपल्याला शहराचे काय सांगायचे आहे. पुण्याच्या पेठांचा असा नकाशा काढला तर वाड्यांचे चौक, देवळांचे सभामंडप, दोन रस्त्यांना जोडणारे खासगी पण सर्रास वापरले जाणारे बोळ यांना कोणता रंग द्यायचा, यावर चार पुणेकरांत आठ मते पडतील. ती मते पडणे हाच अभ्यासाचा गाभा आहे, आणि बिंदूंच्या ढगात तो वाद मुळात उद्भवतच नाही.

एका जुन्या वाड्याचे विद्यार्थ्यांकडून मोजमाप करून घेत असताना घडलेली गोष्ट सांगतो. यंत्र माजघरात ठेवले होते. संध्याकाळी संगणकावर ढग उघडला तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे एक आणखी खोली दिसली, तीही नीट मापाची. भिंतीवरच्या मोठ्या आरशाने लेझर परतवला होता आणि यंत्राने प्रतिबिंबाला खोली समजून नोंदले होते. ही चूक या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, ती आम्ही पुसली आणि हसलो. त्याच वेळी दुसरेही काही पुसले गेले, त्यावर मात्र कोणी हसले नाही, कारण कोणाच्या लक्षातच आले नाही. घरातल्या आजी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना ‘जरा आत बसता का, यंत्रात येताय’ असे सांगूनही त्या उठल्या नाहीत, आणि मग सफाईच्या टप्प्यावर त्यांचे बिंदू काढून टाकण्यात आले. या कामाच्या भाषेत अशा बिंदूंना ‘नॉइज’ म्हणतात. रस्त्याचे मॉडेल करताना पादचारी, रिक्षा, हातगाड्या, फेरीवाले हे सगळे नॉइज असतात आणि ते साफ करण्यासाठी चांगल्या प्रणाली उपलब्ध आहेत. पण त्या साफ केलेल्या मॉडेलवरून पदपथ किती रुंद आहे आणि चालण्याजोगा आहे का, असा शोधनिबंध लिहिला जातो, तेव्हा तो पदपथ कोणत्या शहरातला असतो? फेरीवाले असावेत की नसावेत, यावर दोन मते आहेत. ते तिथे आहेत, यावर दोन मते असू शकत नाहीत. शिवाय 2014 च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितले आहे.

जागेबरोबर वेळही निसटते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात नावा वर ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, आणि एरवी रिकामी दिसणारी वाळू नावांनी भरून जाते. पाऊस सरला की कोळीवाड्यातल्या मोकळ्या जागांत वलांड्या, म्हणजे मासळी वाळवायच्या दांड्या, उभ्या राहतात आणि बोंबील वाळू लागतात. ड्रोनची उड्डाणे मात्र स्वच्छ हवेत, कोरड्या महिन्यांतच केली जातात, हे साहजिक आहे. दुपारी टिपलेल्या चित्रात वाळूचा पट्टा रिकामा असतो, आणि रिकामी जागा म्हणजे ‘उपलब्ध जागा’ हा अनुवाद नियोजनाच्या कार्यालयात किती सहज होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कोळ्याच्या दृष्टीने ती जागा बारमाही कामाची असते, फक्त काम ऋतूप्रमाणे बदलते. एका उड्डाणाचे मॉडेल हे एका तासाचे मॉडेल असते, पण त्याच्या अंगावर ती वेळ लिहिलेली नसते.

वरळीलाच घडलेल्या एका वादात हा मुद्दा समुद्रावर आला. किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमधले अंतर 60 मीटर ठेवायचे ठरले होते. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचे म्हणणे होते की पाण्याला ओढ असताना, वारा फिरलेला असताना, समोरून दुसरी नाव येत असताना एवढ्या अंतरातून नाव सुखरूप काढता येणार नाही. प्रशासनाच्या हिशेबात 60 मीटर पुरेसे होते. नावेची रुंदी आणि खांबांमधले अंतर एवढेच आकडे घेतले तर ते पुरेसे दिसतातही. मच्छीमारांनी काम रोखून धरले, प्रकरण लांबले, आणि अखेर डिसेंबर 2022 मध्ये अंतर 120 मीटर करण्याचे मान्य झाले. त्यांची मागणी त्याहूनही अधिकची होती. या वादात कोण किती बरोबर होते याचा निवाडा मी करत नाही. मला खटकते ते हे की मच्छीमारांना हे ज्ञान मांडण्यासाठी नावा आडव्या घालाव्या लागल्या. भरती-ओहोटीचा, ओढीचा, खडकांचा त्यांचा अनुभव प्रतिरूपाच्या टप्प्यावरच एक स्तर म्हणून आत आला असता, तर निदान वाद मांडणीच्या टेबलावर झाला असता आणि मधला खांब काढण्याचा खर्चही त्याच वेळी मोजता आला असता.

नकाशावर हरकत घेण्याची सोय असली की काय होते, याचे उत्तम उदाहरणही मुंबईचेच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांवर सुनावणी द्यावी लागते. मुंबईचा 2014-34 साठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांनी आपापल्या गल्लीच्या पत्रकावर बोट ठेवून चुका दाखवायला सुरुवात केली. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले होते, वारसा-वास्तू गळलेल्या होत्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आले, मंजुरी मे 2018 मध्ये मिळाली. या सगळ्याकडे ‘तीन वर्षे वाया गेली’ असे पाहणारे आहेत. मला वाटते, ती वर्षे कारणी लागली. अनेक चुका जमिनीच्या विद्यमान वापराच्या नकाशांतच होत्या, म्हणजे भविष्याच्या कल्पनेत नव्हत्या, आज जे आहे त्याच्या चित्रणात होत्या. आणि त्या पकडल्या गेल्या याचे कारण असे की कागद सपाट होता, प्रमाण ठरलेले होते, आणि शाळेत भूगोल शिकलेला कोणीही त्यावर आपले घर शोधू शकत होता. त्याऐवजी नागरिकांना शहरावरून घिरट्या घालणारी चित्रफीत दाखवली असती तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. चित्रफितीवर हरकत नोंदवायची तर कितव्या सेकंदावर नोंदवायची?

गोव्यात 2011 चा प्रादेशिक आराखडा जनआंदोलनानंतर जानेवारी 2007 मध्ये रद्द झाला आणि 2021 साठीचा आराखडा करताना गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. त्या प्रक्रियेवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण गावाने आपला नकाशा तपासायचा, ही कल्पना तरी सरकारी कामकाजात उतरली.

धारावीचा प्रश्न या सर्वांहून अवघड आहे. तिथले सर्वेक्षण मार्च 2024 पासून सुरू झाले. गल्ल्यांना आणि घरांना क्रमांक, गल्ल्यांची लायडारने मोजणी, वरून ड्रोन, आणि या सगळ्यातून वस्तीचे डिजिटल जुळे, म्हणजे संगणकातले तिचे प्रतिरूप, अशी त्याची रचना सांगितली गेली आहे. हातगाडी जेमतेम शिरेल अशा गल्ल्यांत ही यंत्रे उपयोगी पडतात यात शंका नाही; फितीने हे काम करायचे तर अनेक वर्षे लागतील. अडचण पुढे आहे. पात्रतेच्या नियमांप्रमाणे 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच 350 चौरस फुटांचे घर मोफत मिळते. 2000 ते 2011 दरम्यान आलेल्यांना धारावीबाहेर, अडीच लाख रुपये भरून. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना भाडे-खरेदी पद्धतीने, तेही धारावीबाहेर. म्हणजे घर उभे आहे की नाही, एवढ्याने भागत नाही. कोण कधीपासून राहतो आणि खाली राहतो की वर, यावर सारे ठरते. लायडारला वरचा मजला दिसतो, शिडी दिसते, पत्र्याची उंची दिसते. पण तो पोटमाळा खालच्याच कुटुंबातल्या थोरल्या मुलाच्या संसारासाठी चढवलेला आहे, की त्यावर परगावाहून आलेले सहा कारागीर भाड्याने राहतात आणि दिवसा तिथेच शिलाईयंत्रे चालतात, हे बिंदूंतून कळायचे नाही. तोच पत्रा, तीच शिडी, आणि दोन वेगळी आयुष्ये. राज्यात 1976 च्या झोपड्यांच्या गणनेनंतर फोटोपास दिले गेले. तो पास म्हणजे ढोबळ कागद होता, त्यात गैरप्रकारही झाले, पण त्यावर माणसाचा चेहरा होता आणि तो हातात धरून माणूस कार्यालयात उभा राहू शकत होता. आजच्या मॉडेलमधला आपला घरक्रमांक ज्या स्तरात बसवला आहे तो स्तर उघडून पाहण्याची सोय रहिवाशाला हवी, त्याच्या स्वतःच्या भाषेत, गल्लीच्या तोंडाशी मांडलेल्या एखाद्या टेबलावर.

आता दुसरी बाजू. प्रतिरूपांशिवाय भागत नाही असे प्रश्न शहरांपुढे आहेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे सांगितले त्यात शहराच्या उंचसखलपणाचे बारीक नकाशे करण्याची शिफारस होती. पाणी कुठे साचेल हे सांगणाऱ्या मॉडेलला अशी बारीक मापे लागतातच, आणि ती यंत्राशिवाय मिळणार नाहीत. मात्र इथेही यंत्राचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे लागते. वरून पाहताना पूल आणि बांध सारखेच दिसतात. कोणी जाणत्याने तो पूल हाताने ‘उघडला’ नाही, तर मॉडेलमधला नाला पुलापाशी अडतो आणि खऱ्या शहरात जिथे पाणी वाहते तिथे संगणकात तलाव भरतो. उलट, रस्त्याखालचे तुंबलेले गटार वरून दिसत नाही म्हणून मॉडेल तिथून पाणी सुखाने जाऊ देते. ते गटार कुठे तुंबते हे तिथल्या दुकानदाराला बरोबर माहीत असते, कारण दर पावसाळ्यात तो माल फळीवर चढवतो.

पॅरिसच्या नोत्र दामचे उदाहरण या चर्चेत नेहमी येते. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने 2010 मध्ये त्या कॅथेड्रलची लेझरने मोजणी केली, आणि 15 एप्रिल 2019 च्या आगीनंतर ती जगाला अनमोल वाटली. ते रास्तच आहे. मात्र जे लाकडी छप्पर जळून गेले त्याच्या सांगाड्याची, तुळई-तुळईची मापे रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी 2014 मध्ये हाताने काढून ठेवलेल्या आरेखनांत होती, आणि सांगाडा पुन्हा उभा करताना त्यांचा मोठा आधार झाला. हाताने मोजणारा माणूस प्रत्येक सांध्यापाशी थांबतो, आणि थांबल्यामुळे त्याला खाच, खुंटी, सुताराची खूण दिसते. दोन्ही हवे, एवढेच यातून निघते. आपल्याकडे मात्र लेझर आले म्हणून हाताने मोजमाप करण्याचे तास कमी करण्याकडे कल दिसतो आहे.

वारशाच्या क्षेत्रात या प्रश्नावर आधीच विचार झालेला आहे, हे शहरांच्या अभ्यासकांनी पाहायला हवे. संगणकीय पुनर्रचनांसाठी 2006 मध्ये तयार झालेल्या लंडन चार्टरने अशी अपेक्षा ठेवली की चित्रात काय पुराव्यावर आधारलेले आहे, काय तर्काने भरले आहे आणि तो तर्क का केला, याची नोंद प्रतिरूपासोबत असावी. या नोंदीला पॅराडेटा म्हणतात. शनिवारवाड्याला हे लावून पाहा. 1828 च्या आगीनंतर तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती एवढेच उरले. तरी पडद्यावर सात मजली, खांब-महिरपींनी भरलेला, झुंबरांनी उजळलेला शनिवारवाडा सहज पाहायला मिळतो. जोत्यावरून खोल्यांची मांडणी सांगता येते, बखरी-कागदपत्रांतून काही दालनांची नावे सांगता येतात. वरच्या मजल्यांची उंची आणि छपराचा उतार ही बरीचशी कल्पना आहे. कल्पना करायला हरकत नाही, पण चित्रात दोन्ही एकाच तकाकीने चमकतात. दहा वर्षांच्या मुलाला हा भेद कळावा म्हणून तर्काचा भाग फिक्या रंगात दाखवला तर पेशव्यांचा मान कमी होणार नाही.

हीच शिस्त जिवंत वस्त्यांच्या प्रतिरूपांना लावावी, अशी माझी मागणी आहे. सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक निर्णयासाठी केलेल्या प्रत्येक मॉडेलसोबत ते कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणत्या यंत्राने टिपले, काय साफ केले, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या, याची मराठीत वाचता येईल अशी नोंद असावी. त्यातून काढलेली सपाट पत्रके प्रभाग कार्यालयात लावावीत. हरकतींसाठी मुदत असावी, आणि मान्य न झालेली हरकत पुसून न टाकता मॉडेलमध्येच त्या जागी टाचून ठेवावी, जसा मोजणीच्या कागदावर सही न करणाऱ्याचा नकार राहतो. विद्यापीठांतल्या शोधप्रबंधांनाही ही अट घालता येईल. मार्गदर्शक म्हणून सही करणाऱ्यांनी नुसती ठरवण्याचीच खोटी आहे.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. वेळ लागेल, हा पहिला. 2015 च्या आराखड्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. लोकांना मॉडेल कळत नाही, हा दुसरा. लोकांना स्वतःची गल्ली कळते, आणि ती ओळखता येत नसेल तर दोष मॉडेलचा आहे. तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करतो. मॉडेल खुले केले की वस्तीचे अंतरंगही खुले होते. कोणी किती इंच पुढे आले आहे, कोणाच्या पोटमाळ्यावर कोण राहते, कोणत्या गाळ्यात विनापरवाना भट्टी आहे, हे सगळे नीट मापांसह मांडले गेले तर हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याइतकाच तोडकामाची नोटीस काढणारा अधिकारीही त्याचा वापर करील. गरिबाला धूसर राहण्यात संरक्षण असते, हे शहराच्या अभ्यासकाने विसरू नये. म्हणून सगळे सर्वांना खुले, असा सरसकट नियम मी मागत नाही. घराचा स्तर त्या घराला दिसावा, गल्लीचा स्तर गल्लीला, आणि बाहेरच्यांना त्याहून ढोबळ चित्र. कोणता स्तर कोणाला दाखवायचा यावर वस्तीचे म्हणणे आधी घेतलेले असावे. हे गुंतागुंतीचे आहे, पण पाण्याखालून बोगदे काढणाऱ्या शहराला न जमण्याइतके नाही.

गावांच्या बाबतीत आपण यातले बरेच काही करून बसलो आहोत. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचे पथदर्शी काम महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाले आणि 2020 पासून स्वामित्व योजनेखाली ती देशभर गेली. त्यात ड्रोन उडण्यापूर्वी गावकरी आपापल्या मिळकतीच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, कारण वरून फक्त छप्पर दिसते, आणि वळचण बाहेर आलेली असली तर तिच्याखाली भिंत कुठे आहे आणि पागोळ्यांचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते, हे छप्पर सांगत नाही. उड्डाणानंतर चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात, मग मिळकत पत्रिका आणि सनद. शहरी सर्वेक्षणाची निविदा काढताना उड्डाणांच्या खर्चाशेजारी या चुन्याचा आणि चौकशीच्या दिवसांचा खर्चही धरता येईल. सुरुवात कोळीवाड्यांपासून करावी, आणि ड्रोनवाल्यांच्या सोयीचा मार्च न धरता जूनचा पहिला आठवडा धरावा. पावसाने उघडीप दिली तर उड्डाण होईल, नाही तर थांबावे लागेल. पण त्या वेळी नावा वाळूवर ओढलेल्या असतात, आणि कोणती जागा कशाची हे सांगायला सगळे कोळी किनाऱ्यावरच असतात.